हणमंतवाडी हसली नव्हती

सातारा, १८ जानेवारी १९४४

आक्का,

बातमी वाईट आहे, म्हणून ती आधी सांगतो. अमदूसाहेब गेले. गेल्या मंगळवारी सकाळी. छातीत पाणी झालं होतं. कॅम्पातल्या गोऱ्यांच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.

मी साताऱ्यात बसून त्यांची बातमी तुला का कळवतो, असं वाटेल. मी नानासोंच्या तंबूच्या सिनेमात कामाला होतो तेव्हा आपल्याकडे आलेले ते इटलीचे विनोदी नट तुला आठवत असतील. खरं नाव अमेदेओ. सांगलीच्या बाजारानं त्याचं अमदूसाहेब केलं आणि त्यांनाही ते आवडायचं. इटली लढाईत इंग्रजांच्या विरुद्ध उतरली तेव्हा पोलिसांनी त्यांना सांगलीतून नेलं. आधी पुरंदरला ठेवलं, मग इथल्या परदेशी लोकांच्या छावणीत. मी या किराणा दुकानात नोकरी धरली ती त्यासाठीच. आमच्या दुकानाचा माल छावणीत जातो, आणि त्या लोकांना ठरलेल्या हद्दीत बाजारात यायची परवानगी असते. आठवड्यातून एकदा तरी भेट व्हायची. घरी हे मी कुणाला बोललो नव्हतो. आपला धाकटा अर्जुना आफ्रिकेत इटलीवाल्यांच्या गोळीनं गेल्यावर तर बोलण्यासारखं राहिलंच नाही.

पुरायला त्यांच्यातली थोडी माणसं होती. सगळ्यांच्या दंडाला काळी फीत. मलाही एक दिली. मी बांधली, पण ती रीत त्यांची, माझी नव्हे. साहेबांना इथं ना बायको, ना मूल. परत येताना न्हाव्याकडे गेलो आणि डोकं आणि मिशी उतरवली. न्हाव्यानं विचारलं, "वडील का?" मी म्हणालो, "हात चालव."

आता काम सांगतो. साहेबांची एक इच्छा होती आणि ती मी पुरी करणार आहे. त्यांचा सिनेमा सगळीकडे चालला, लोणंदच्या बाजारात लोक हसून हसून बाकावरून पडले, पण आपल्या हणमंतवाडीत त्यांना कुणी हसलं नव्हतं. ते त्यांना शेवटपर्यंत सलत होतं. छावणीत शेवटच्या भेटीतही म्हणाले, "किसना, हणमंतवाडी एकदा बाकी आहे."

यंदा चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला नानासोंचा तंबू गावात लागावा आणि साहेबांचा सिनेमा त्यांचं नाव सांगून दाखवावा, एवढंच मला हवं आहे. यात्रेत काय लागेल आणि काय नाही हे आबांच्या शब्दावर ठरतं. तू आबांशी बोल. मी बोललो तर दोन वाक्यांत संपेल, हे तुला माहीत आहे.

दाजींना नमस्कार.

कृष्णात


माधवनगर, २६ जानेवारी १९४४

किसना,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग पिठाच्या डब्यात घातलं. तुला काही कळतं का? आबा धडधाकट आहेत, रोज मळ्यात जातात, आणि तू मिशी उतरवलीस! बाप जिवंत असताना कुणी करतं का असं? आपल्यात कुणी बघितलं तर काय म्हणेल? ह्यांना सांगितलं तर हे हसले. म्हणाले, "तुझा भाऊ बोलत न्हाई, आन बोलतो तवा असलं कायतरी करून मोकळा होतो."

साहेब गेल्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. तुमचा तंबू हणमंतवाडीत लागला त्या यात्रेला मी माहेरी आले होते, बायकांच्या बाजूला बसले होते. साहेबांचा तो जुना, त्यांच्या देशातला सिनेमा. पडद्यावर आले तर डोक्याचा चकोट आणि ओठावर केस नाही. त्यांना कुणीतरी फळी हाणली, ते पडले, उठले, परत पडले. तंबूत चिडीचूप. माझ्या शेजारी अंबूबाई होती. ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बाप गेलाय गं बिचाऱ्याचा. अजून दिसबी झालं न्हाईत, आन ही मेली त्येला फळीनं हानत्यात." मग सगळ्या बायका च्च च्च करायला लागल्या. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "आरं सोडा की त्येला!"

आणि खेळ सुटल्यावर अंबूबाईनं काय केलं ते विसरलास? पिठलं-भाकरी बांधून तंबूवर गेली. कडू घास! सुतकाच्या घरी पाव्हण्यांनी न्यायचा तो. साहेबांना वाटलं, बाई त्यांच्या कामावर खूष झाली. किती आवडीनं खाल्लं बिचाऱ्यांनी. तू शेजारी उभा होतास आणि खाऊन होईपर्यंत तू काही बोलला नाहीस, म्हणून मी तुझ्यावर चिडले होते.

काल गावी गेले होते. तुझ्या मिशीचं मी बोलले नाही आणि तूही बोलू नको. केस वाढले की ये. तंबूचं काढलं. आबा म्हणाले, "लागू दे की. कुनाचा शिनिमा?" मी म्हणाले, "अमदूसाहेबाचा." आबा मिशीला लोणी लावत होते. हात थांबला. "इटलीवाल्याचा?" म्हणाले. मग उठून गोठ्यात गेले ते मी निघेपर्यंत आले नाहीत.

तू हा नाद सोड. आपल्या घरात इटलीचं नाव निघत नाही.

अंजना


सातारा, ६ फेब्रुवारी १९४४

आक्का,

नाद सोडणार नाही. मिशीही वर्ष होईपर्यंत वाढवणार नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगतो म्हणजे तुझा त्रास वाचेल.

तू कडू घासाचं लिहिलंस. साहेब सकाळपासून उपाशी होते म्हणून मी खाऊ दिलं. खाऊन झाल्यावर सांगितलं की आमच्यात बाप मेला की मुलगा डोकं आणि मिशी उतरवतो, आणि हे जेवण त्याचं होतं. ते बराच वेळ भांड्याकडे बघत बसले. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "म्हणजे हे सगळे लोक माझ्या बापासाठी रडले? माझा बाप मेला तेव्हा तर मी सर्कशीत होतो, मला कळलंसुद्धा महिन्यानं." दुसऱ्या दिवशी त्यांनी शेळीच्या केसांची मिशी करून चिकटवली. पुढं स्वतःचीच वाढवली. मरताना ती पांढरी झाली होती.

त्यांची हकीकत तुम्हाला कुणालाच नीट माहीत नाही, म्हणून लिहितो. त्यांचं गाव तोरीनो. आई लोकांचे कपडे धुवायची. लहानपणीच ते सर्कशीत पडायला शिकले. पडणं म्हणजे आपण समजतो तसं नव्हे. कुठल्या बाजूनं पडायचं, आधी काय सोडायचं, टोपी कधी पडू द्यायची, हे सगळं ठरलेलं. मग त्यांच्या गावात सिनेमाच्या कंपन्या निघाल्या. त्यातल्या एकीत ते गेले. त्या वेळचे विनोदी नट सगळे मिशीवाले, म्हणून यांनी सगळं उतरवलं, की दुरून ओळखू यावं. आठवड्याला एक छोटा सिनेमा व्हायचा. लिहायचे तेच, करायचे तेच, पडायचेही तेच. परदेशातही त्यांचे सिनेमे जायचे. चित्रं छापलेली पोस्टकार्डं विकली जायची, त्यातलं एक माझ्याजवळ आहे.

पहिल्या लढाईनंतर त्या कंपन्या बुडाल्या. साहेब एका कंपनीबरोबर मुंबईला आले. देवादिकांच्या सिनेमात आकाशातून उतरण्याचे, गुप्त होण्याचे देखावे ते करून द्यायचे. मग बोलका सिनेमा आला आणि त्यांचं काम गेलं. बोलायला लागले की लोक भलतीकडेच हसायचे आणि ते त्यांना सहन व्हायचं नाही. एका नाटक मंडळीनं देखाव्यांच्या कामासाठी सांगलीला आणलं. ती मंडळीही मोडली. स्वतःचा कॅमेरा होता, त्यावर नानासोंच्या मदतीनं त्यांनी सांगलीत दोन मुके सिनेमे काढले. सगळीकडे बोलपट चालू असताना मुका सिनेमा काढणारा हा एकटाच माणूस. म्हणायचे, "पडणाऱ्या माणसाला भाषा कशाला?"

त्यातल्या 'उद्या जातो'मध्ये मी आहे, हे तुला माहीत आहे. ते पाव्हणे, मी घरधनी. पाव्हणा रोज सांगतो की उद्या जातो, आणि जात नाही. मला काही करायचं नसायचं. ते म्हणाले होते, "तू जसा आहेस तसा बस. तू हसला नाहीस तरच लोक हसतील." आयुष्यात माझा हा स्वभाव कुणाच्या कामी आला तो तेवढाच.

आणि अर्जुनाचं. तार आली त्या दिवशी मी गावी येऊन गेलो आणि परत आल्यावर साहेबांना बाजारात भेटलो. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी तोंड बघून ओळखलं. मी म्हणालो, धाकटा भाऊ गेला, आफ्रिकेत केरनला. त्यांनी विचारलं, "आमच्या लोकांनी?" मी हो म्हणालो. त्यांनी टोपी काढली आणि ती हातातच धरून छावणीपर्यंत माझ्याबरोबर चालले, उन्हात. त्यानंतर प्रत्येक भेटीत अर्जुनाबद्दल एक तरी गोष्ट विचारायचे. पोहायला कुठं जायचा, काय खायचा, चिडला की काय करायचा. घरी आपण त्याचं नाव काढत नव्हतो, आक्का. मी ते तिथं काढत होतो.

हे आबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. तंबूचं मात्र परत विचार.

कृष्णात


माधवनगर, २० फेब्रुवारी १९४४

किसना,

मी ठरवायच्या आधीच सगळं फुटलं. गावातला भाऊसो कोर्टाच्या कामाला साताऱ्यात आला होता. तुला दुकानात बघून गेला आणि त्यानं थेट आपल्या अंगणात जाऊन आबांना हात लावून बघितलं म्हणे. "आबा, तुमी हायसा व्हय? म्या म्हनलं किसनाच्या ओठावर केस न्हाई, म्हंजे म्हातारा गेला!" आबांनी त्याला बसवून चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. साहेबांना पुरलं तेही कळलं, तू गेलास तेही कळलं.

मला बोलावणं आलं. मी आणि हे दोघं गेलो. आबा ओट्यावर पलटणीच्या पेन्शनीचा कोट घालून बसलेले. तो कोट ते घरात कधी घालतात का? मी समजले.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"महिना झाला, आबा."

"आन मला शिनिमा इचारतीस. लय हुशार झालीस." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "जावई, तुमच्या मेव्हण्याला सांगा. मिशी यीस्तवर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई. आन त्या इटलीवाल्याचा तंबू माझ्या गावात लागणार न्हाई."

हे म्हणाले, "मामा, मेलेल्या माणसावर कसला राग?"

"माझाबी मेलाय," म्हणाले, आणि आत गेले.

किसना, त्यांचं वय बघ. तू असं केल्यानं आपलं काही बरंवाईट होईल अशी भीती त्यांच्या मनात बसली असणार, म्हातारपणी माणूस असल्या गोष्टी धरून बसतो. मिशी वाढव, पाडव्याला ये, पाया पड. तेवढ्यानं सगळं मिटेल. तंबूचं पुढच्या वर्षी बघू.

अंजना


सातारा, २९ फेब्रुवारी १९४४

आक्का,

मला घरात घेणार नसतील तर मी येणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, घर त्यांचं आहे. पण तंबू यायला हवा. मी न येता तंबू येऊ शकतो. आबांना हे असंच सांग. मी बाहेर राहतो, साहेबांना आत येऊ द्या.

पुढच्या वर्षी नको. नानासोंनी कळवलं आहे की सिनेमाची पट्टी जुनी झाली आहे, कडा फाटायला लागल्या आहेत. सांगलीत जुन्या पट्ट्या विकत घेणारे फिरतात. धुऊन त्यातली चांदी काढतात आणि राहिलेल्या पट्टीच्या बांगड्या करतात. नानासो एवढी यात्रा थांबतो म्हणाले. त्यांचं चुकत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. सांगायचं एवढंच की पुढच्या वर्षी दाखवायला काही नसेल.

सोबत एक कागद आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी तंबूतल्या माणसानं एवढंच वाचायचं:

"या सिनेमातला पाव्हणा म्हणजे अमेदेओ. इटली देशातल्या तोरीनो गावचा. याची आई धुणी धुवायची. यानं आयुष्यभर लोकांना हसवायचं काम केलं. आमच्याकडे सांगलीत येऊन राहिला. पौषात साताऱ्याच्या छावणीत वारला. हा सिनेमा त्यानं स्वतः काढला आहे."

बाकी सिनेमा चालू असताना कुणी बडबड करायची नाही, हे नानासोंना मी वेगळं लिहिलं आहे.

कृष्णात


माधवनगर, १२ मार्च १९४४

किसना,

मी चुकले होते. नीट वाच.

तुझा निरोप घेऊन मी एकटीच गेले. आबा विहिरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. पट्टीच्या बांगड्या होतात तेही सांगितलं. ते ऐकत होते. मला राग आला. मी म्हणाले, "आबा, तुमी जित्तं असताना त्येनं मिशी काढली, म्हणून तुमचं काय वंगाळ होणार हाय का? एवढी कसली भीती?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "भीती? म्या पयल्या लढाईत बसऱ्याला गोळी खाऊन आलो. ल्योकाच्या मिशीनं मरीन व्हय गं मी?"

"मग काय हाय?"

बैल मोटेला लागले होते त्यांचाच आवाज. मग खाली बघून म्हणाले, "अर्जुनाची कुनी उतरवली?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"लगीन न्हाई, प्वार न्हाई. थोरल्यानं धाकट्याची उतरवायची न्हाई, बापानं तर न्हाईच. रीत हाय. म्या रीत पाळली. किसनानंबी पाळली. मला वाटलं, बरं हाय, ल्योक शाणा हाय. आन आता त्या पाव्हण्यासाठी रीत मोडली त्येनं. बाप जित्ता हाय ह्येबी बघितलं न्हाई. म्हंजे मोडता येत हुती की. पाठच्या भावासाठी न्हाई मोडली."

मी म्हणाले, "हे त्याला सांगू का?" तर म्हणाले, "सांग न्हाईतर नको सांगू. मी काय पत्र लिवतोय व्हय?"

तीन वर्षांत आबा अर्जुनाचं नाव माझ्यापुढं पहिल्यांदा बोलले. मी तिथंच बसून रडले आणि ते मला रडू नको म्हणाले नाहीत.

आता तू काय लिहायचं ते विचार करून लिही. तू लिहिशील ते मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

अंजना


सातारा, १७ मार्च १९४४

आक्का, हे आबांना वाचून दाखव.

आबा,

तुम्ही म्हणता ते खरं आहे. तार आली त्या दिवशी मी न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलो होतो आणि परत आलो. थोरला म्हणून परत आलो. तुम्हाला ते बघवणार नाही असं मला वाटलं. तुम्हाला ते बघायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. आपल्या दोघांत बोलणं कमी, त्यामुळं हे झालं.

आता मी तुम्हाला खूष करायला म्हणू शकतो की ही मिशी अर्जुनाचीही समजा. तसं म्हणणार नाही. ही साहेबांसाठी उतरवली आहे. त्यांचं करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि अर्जुना गेल्यावर मला बोलतं ठेवलं ते त्यांनीच. एका मिशीत दोघं मी घालणार नाही. अर्जुनाला त्याचं वेगळं द्यायला हवं. काय द्यायचं आणि कोणी, हे तुम्ही ठरवा. तुम्ही सांगाल ते मी करीन, आणि तुम्ही काही केलंत तर रीत कुणाची मोडली म्हणून मी विचारणार नाही.

तंबूबद्दल माझं म्हणणं तेच आहे. अर्जुनावर गोळी ज्यानं झाडली त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही. याचं नाव मला माहीत आहे आणि हा साताऱ्याच्या बाजारात अर्जुनासाठी उन्हात डोकं उघडं करून चालला. मला त्याचा सिनेमा आपल्या गावात दाखवायचा आहे. मी येत नाही. तुम्ही परवानगी द्या.

कृष्णात


माधवनगर, १० एप्रिल १९४४

किसना,

आज सकाळीच गावाहून आले, हात धुऊन लगेच लिहायला बसले आहे.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आबा काही बोलले नव्हते, हे मी तुला कळवलं नाही कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. पाडवा झाला तरी गप्पच. मग यात्रेच्या आदल्या दिवशी नानासोंच्या गाड्या वेशीवर आल्या. तंबूची माणसं विचारायला आली, लावायचा का? आबा म्हणाले, "आलायसा न्हवं? लावा की."

यात्रेच्या दिवशी सकाळी आबा घरात नव्हते. मी पोळ्या लाटत होते. अंगणात कुणीतरी उभं राहिलं. मला वाटलं परका माणूस आहे, मी पदर सारखा केला. आबा होते, किसना. डोकं उतरवलेलं. मिशी नाही. ती एवढी मोठी मिशी गेल्यावर तोंड किती बारीक दिसतं त्यांचं. मला म्हणाले, "बघतीस काय? अर्जुनाचं हाय. वाढ."

गावात दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी समोर बोललं नाही. भाऊसोनं तोंड उघडलं होतं पण ह्यांनी त्याचा दंड धरून बाजूला नेलं.

संध्याकाळी तंबू भरला. आबा पुढच्या बाकावर, मधोमध. नानासोंच्या माणसानं तुझा कागद वाचला. इटली म्हटल्यावर कुजबुज सुरू झाली. मागून पैलवानाचा बाप उठला, त्याचा पोरगा आता पलटणीबरोबर इटलीतच आहे. ओरडला, "आमची पोरं तिकडं मरत्यात आन हितं त्यांचा शिनिमा बघायचा व्हय?"

आबा उठले नाहीत. मागं न वळता म्हणाले, "माझं त्यांच्याच गोळीनं गेलंय. मी बसलोय न्हवं? तूबी बस."

बसला.

मग सिनेमा सुरू झाला. साहेब वळकटी घेऊन आले. दारात अडखळले, वळकटी सुटली आणि साहेब तिच्यातच गुंडाळले गेले. कुणी हसेना. बाजलं मोडलं. कुणी हसेना. पुन्हा तसंच, किसना! मला कळेना काय झालं. मग बघितलं तर सगळे पडद्याकडे कमी आणि आबांच्या उघड्या डोक्याकडे जास्त बघत होते. सुतकातला माणूस पुढं बसलेला, त्याच्या पाठीमागं हसणार कोण? बायकांत अंबूबाईनं तर पदर तोंडात धरला होता. म्हटलं, गेली साहेबांची हणमंतवाडी, दुसऱ्यांदा गेली.

मग तू आलास. म्हणजे पडद्यावर. घरधनी होऊन ओट्यावर बसलेला, तोंड असं. साहेब पाण्याची घागर घेऊन आले, घसरले, आणि सगळी घागर तुझ्या डोक्यावर. तू हलला नाहीस. पाणी नाकावरून गळतंय आणि तू आपला समोर बघतोयस.

आबा हुंकारले. मला वाटलं रडले. मग मोठ्यानं म्हणाले, "आरं त्यो बघा आमचा किसना! तितंबी तोंड वाकडंच!" आणि हसले. मला आठवत नाही ते असं कधी हसले होते. खांदे हलत होते. मग मागं वळून लोकांवर ओरडले, "हसा की रं! ल्योक माझा गेलाय, तुमचा न्हवं!"

मग जे सुटलं ते सुटलं. पैलवानाचा बाप सगळ्यात मोठ्यानं. साहेब प्रत्येक वेळी उद्या जातो म्हणून हात जोडायचे आणि पोरंटोरं ओरडायची, "जा की मग!" अंबूबाई मला कोपरानं ढोसून म्हणाली, "ह्यो त्योच न्हवं गं? मिशी आली की त्येला. बरं झालं बाई, सुतक फिटलं." मी तिला काही सांगितलं नाही. लोकांनी शेवटी परत लावायला लावला, नानासोंनी परत लावला.

पट्टी दोन ठिकाणी तुटली पण जोडली. नानासो म्हणाले विकत नाही, आता तासगावला नेतो.

घरी येताना आबांनी विचारलं, "त्या साहेबाला मागं कोन हाय?" मी म्हणाले, मला माहीत नाही, किसनाला ठाऊक असेल. तर म्हणाले, "त्येंच्या घरी कळलंय का, ते इचार. आपल्याला तार तरी आली. आन त्येला म्हणावं, ये. आता बाप-ल्योक दोगंबी बोडकंच हाय."

अंजना


सातारा, १६ एप्रिल १९४४

ती. आबांस,

आक्काचं पत्र मिळालं. यापुढं मी तुम्हालाच लिहीन, ती वाचून दाखवील.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. साहेबांना मागं एक म्हातारी बहीण आहे, तोरीनोत. तिला कळलेलं नव्हतं. लढाईमुळं तिकडं टपाल जात नाही. छावणीतल्या पाद्रीबाबांकडे गेलो. ते म्हणाले, रेडक्रॉसच्या कार्डावर निरोप जातो, पण शब्द थोडेच बसतात आणि पोचायला महिने लागतात. त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिलं, मी सांगितलं. तुमचा भाऊ वारला, दुखणं फार लांबलं नाही, एवढं आधी घातलं. मग उरलेल्या जागेत काय घालू असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हणमंतवाडी हसली असं लिहा. पाद्रीबाबा म्हणाले, त्या बाईला हणमंतवाडी काय कळणार? मी म्हणालो, साहेबांनी तिला कळवलेलं असणार. नसेल तर ती कुणाला तरी विचारील.

तसं लिहून कार्ड गेलं आहे. खाली पाठवणारा म्हणून तुमचं नाव घातलं आहे.

मालकांकडे रजा मागितली आहे. देतील किंवा न देतील, शनिवारी निघतो.

कृष्णात